तंबोऱ्याचा कोळसा

आमच्या गल्लीत भंगारवाला पहिल्यांदा "तंबोराऽ, सताऽर, बीऽन" असं ओरडत आला तेव्हा मला हसू आलं होतं. मिरजेत, तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत येऊन तंबोरा भंगारात मागायचा, हा विनोदच होता. मी दुकानाच्या पायरीवर बसून एका दांडीला लाखेचं पॉलिश चढवत होतो. आत अब्बा घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस चालवत होते. तो आवाज थांबला.

"काय म्हणतोय त्यो?" अब्बांनी आतून विचारलं.

"जुने तंबोरे घेतोय म्हणं."

"गाणारा हाय काय?"

"न्हाई अब्बा. जाळायला घेतोय."

अब्बांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तंबोरे कशासाठी जाळतात, असं त्यांनी विचारलं नाही. ते आम्हा दोघांना चांगलंच माहीत होतं, कारण जाळायचं कसं ते जगाला शिकवणारी बाई आमच्याच घरातली होती. माझी थोरली बहीण, नसीमआपा.

घरात आम्ही दख्खनी बोलतो. वाचणाऱ्यांची सोय म्हणून इथं सगळं मिरजेच्या मराठीत लिहितोय. अब्बांना ते चालणार नाही, पण अब्बांना बऱ्याच गोष्टी चालत नाहीत.

तंबोरा कसा होतो तेही सांगायला हवं, कारण हल्लीच्या पोरांना तंबोरा म्हणजे मोबाइलमधलं एक बटण वाटतं. भीमेच्या काठानं शेतात मोठाले भोपळे वेलावर पिकतात. तिथंच वाळवून ते ट्रक भरून आमच्याकडं येत. अब्बा एकेकावर टिचकी मारून ऐकत बसत. दहातले आठ बाजूला सारत. निवडलेल्याचं तोंड कापायचं, आतला गर खरवडायचा, सावलीत वाळवायचं. मग गळा जोडायचा, तुणीच्या लाकडाची दांडी बसवायची, भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली चिकटवायची, वर पॉलिश, खुंट्या, तारा. सगळ्यात शेवटी जवारी. घोडीचा माथा इतका हळू घासायचा की तार त्याला धड टेकत नाही आणि धड सुटतही नाही. ते जमलं की चार तारांतून पाचवाच कुणीतरी गायला लागतो. लहानपणी मी तो पाचवा माणूस भोपळ्यात वाकून शोधायचो आणि अम्माचा धपाटा खायचो.

तेव्हा गल्लीत पहाटेपासून खरवडण्याचा आवाज असायचा. हुबळीपासून पुण्यापर्यंतचे गवई यायचे, सतरंजीवर मांडी ठोकायचे, आणि एका जोडीसाठी सबंध दिवस घालवायचे. गाणारा दोन तंबोऱ्यांच्या मध्ये बसतो, तेव्हा दोघांचा बाज एक हवा. एक जाड आणि एक पातळ असेल तर गळ्याची फरफट होते. म्हणून अब्बा नेहमी म्हणायचे, तंबोरा कुणीबी करतंय, जोडी करून दाखवावी.

मी शाळेत असताना एका ट्रकमधून दोन भोपळे असे निघाले की अब्बा त्या दिवशी जेवायला उठलेच नाहीत. एकाच वेलाचे, एकाच घेराचे, टिचकीला एकच सूर. आम्ही त्यांना जुळे म्हणायला लागलो. अब्बांनी ठरवलं, यांची जोडी शेवटी करायची, हात थांबायच्या आधी. तोपर्यंत कापायचे नाहीत. अम्मानं ते चुलीच्या वर, धुराच्या जागी टांगले. दर वर्षी दिवाळीनंतर आम्ही विचारायचो, "औंदा जुळे काढायचे का?" आणि अब्बा म्हणायचे, "औंदा न्हाई." ती जोडी केली की काम संपलं, ही त्यांची भीती आम्हाला फार उशिरा कळली. अम्मा मात्र ओळखून होती. "तुमचे हातपाय धड हायत तवर माझ्या चुलीवरचे हे दोन पाव्हणे हलायचे न्हाईत," असं ती म्हणायची. ती गेली, चूल जाऊन गॅस आला, तरी पाहुणे तिथंच होते.

नसीमआपा शिकत शिकत पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली. काम सोडियमच्या बॅटरीचं. लिथियम आपल्याकडं नावाला आहे, आणि सोडियम म्हणजे मिठातला हिस्सा, समुद्र भरून पडलेला. मग सगळ्या बॅटऱ्या सोडियमच्या का करत नाहीत, असं मी तिला विचारलं होतं. तिनं स्वयंपाकघरातून पापडाचे दोन डबे आणून माझ्यापुढं ठेवले होते.

"बॅटरी चार्ज होते तेव्हा हे कण एका बाजूकडनं निघून दुसऱ्या बाजूच्या कार्बनमध्ये जाऊन बसतात. वापरताना परत येतात. एवढाच खेळ. लिथियमसाठी कार्बन म्हणजे ग्रॅफाइट. हे कच्चे पापड बघ, एकावर एक चिकटून बसलेत. यांच्या मधल्या फटीत बारका लिथियम शिरतो. सोडियम अंगानं थोराड, त्याला जागाच मिळत नाही. आता हा तळलेल्या पापडांचा डबा. वेडेवाकडे, एकमेकांवर नीट न बसणारे, मध्ये पोकळ्याच पोकळ्या. सोडियमला असलं घर लागतं."

असा वेडावाकडा कार्बन झाडपाल्यातून मिळतो. हवा लागू न देता तेराशे अंशांवर भाजायचा. पोकळ्या किती, केवढ्या, तोंडं मिटलेली की उघडी, यावर बॅटरीची सगळी भिस्त. आपानं नारळाच्या करवंट्या भाजल्या, उसाचं चिपाड भाजलं, शेंगांची टरफलं भाजली. सगळे पास झाले, पहिला नंबर कुणाचाच आला नाही.

एका ईदला ती घरी आली होती. शीरखुर्मा खाऊन झाल्यावर परसात गेली. तिथं फुटक्या भोपळ्यांच्या तुकड्यांचा वर्षानुवर्षं साठलेला ढीग असायचा, अंघोळीच्या बंबात घालायला. तिनं पिशवीभर तुकडे उचलले. "बंबात जाळता, त्यापेक्षा माझ्या भट्टीत जाळते," म्हणाली. अब्बा हसले होते. लेकीनं माहेरचं काहीतरी नेलं याचाच त्यांना आनंद.

त्या पिशवीतून निघालेल्या कार्बननं करवंटीच्या दीडपट सोडियम पोटात घेतला. हजारो वेळा चार्ज करूनही तो थकला नाही. आपाच्या साहेबांनी तीनदा मोजायला लावलं.

पुण्याकडच्या एका कंपनीनं तिला मोठ्या पगारावर उचललं. त्यांनी भीमाकाठचे भोपळे थेट शेतातून गाड्या भरभरून आणले, भाजले, आणि हात चोळत बसले. निकाल करवंटीइतकाच. कुणालाच कारण कळेना. मग एका साहेबाच्या सासूबाईंचा तंबोरा कोपऱ्यात धूळ खात होता, तो कुणीतरी फोडून भट्टीत घातला. आणि पहिल्यासारखाच झकास निकाल आला. दुसरा जुना तंबोरा घातला, तोही झकास. आपानं त्यावरून सिद्धांत मांडला. वाळलेल्या भोपळ्याचे धागे वर्षानुवर्षं हळूहळू बदलतात, एकमेकांत गुंततात, म्हणून भाजल्यावर नेमक्या हव्या तशा मिटलेल्या पोकळ्या तयार होतात. थोडक्यात, भोपळा मुरावा लागतो. लोणच्यावर वाढलेल्या आपल्या लोकांना हे लगेच पटलं. आपाला पारितोषिक मिळालं, टीव्हीवर मुलाखत झाली. सगळी गल्ली आमच्या दारात पेढे खायला आली.

त्या कार्बनची छोटी बॅटरी मोबाइलमध्ये आली आणि लोक खुळावले. महिन्यातून एकदा चार्ज करायचा. मीही घेतला, खोटं कशाला बोलू. एका तंबोऱ्याच्या भोपळ्यात तीस मोबाइलांचा कार्बन निघतो, असा हिशेब पानटपरीवरची पोरंसुद्धा सांगायला लागली. आणि भंगारवाले निघाले.

लोकांनी आपले तंबोरे फार रडून दिले, असं काही मी म्हणणार नाही. बहुतेक घरांत ते आजीच्या नाहीतर मावशीच्या नावानं उभे होते, गवसणीसकट, वर कुणाचा तरी स्वेटर टाकलेला. गाण्याच्या क्लासांत केव्हाच इलेक्ट्रॉनिक डबा वाजत होता. तंबोरा गेला आणि कोपरा मोकळा झाला, एवढंच. आमच्या गल्लीतल्यांनी आधी दुरुस्तीला पडलेले विकले, मग दुकानातले, मग माळ्यावरचे. नवा तंबोरा घ्यायला कोण येणार? जो घेणार तो मुरायला ठेवून पुढं जाळायलाच देणार. दोन-तीन वर्षांत गल्ली इतकी गप्प झाली की पहाटे मला गलबलून यायचं. जाग यायची ती कान द्यायला काही नाही म्हणून.

अब्बा भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. आपा फोनवर असली की ते "तब्येत बरी हाय, पाऊस न्हाई" एवढं बोलून फोन माझ्या हातात द्यायचे. त्यांचं आणि त्या भट्टीचं विळ्याभोपळ्याचं सख्य, आणि भट्टी पोटच्या लेकीची. सांगणार कुणाला? ते वर्षाला एखाद-दुसरा तंबोरा करत राहिले. माझा नवा मोबाइल मात्र कामाच्या खोलीत आणू द्यायचे नाहीत. दारातच ठेवायला लावायचे.

अशात आपा एका दुपारी न सांगता आली. तिनं अब्बांना सलाम केला, पाणी प्याली आणि बराच वेळ स्वयंपाकघराच्या छताकडं बघत बसली. 

"अब्बा, एक मागायला आलेय," ती म्हणाली.

"कळलं मला. मान वर हाय तुझी मघापासनं."

"बाहेरच्या देशांतल्या तीन प्रयोगशाळा म्हणतायत की माझा सिद्धांत खोटा. जुन्या तंबोऱ्याला पॉलिश असतं, सरस असतो, हात लागलेले असतात. जुनेपणाचाच गुण कशावरून? त्यांना अखंड भोपळा पाहिजे. वय पक्कं माहीत असलेला, न कापलेला, काही न लावलेला. तीस वर्षांचा असा भोपळा दुसरीकडं कुठंच नाही."

"तोंड कापून टोपण देतो तुला. तेवढं भाजून बघ. भोपळा माझा ऱ्हाऊ दे."

"टोपण चालत नाही अब्बा. सगळ्यांसमोर अखंड फोडायचाय. तळापासून देठापर्यंत प्रत्येक थर तपासणार. आणि एक पुरी बॅच करायला एवढा माल लागतोच."

"आणि न्हाई दिला तर?"

"तर माझं काम बंद. मी खोटी ठरले असं लिहून ठेवतील."

अब्बा उठले. स्टूल घेऊन स्वतःच वर चढले. मी धरायला गेलो तर माझा हात झिडकारला. दोन्ही भोपळे काढून त्यांनी मांडीवर घेतले, दोघांवर टिचकी मारली. धुरानं काळे पडले होते, पण सूर एकच होता. त्यांनी एक आपाकडं सरकवला.

"ह्यो ने. लेकीपरास भोपळा मोठा न्हाई."

आपानं तो ओढणीत गुंडाळला.  ती गेल्यावर अब्बा उरलेला भोपळा तसाच मांडीवर घेऊन बसले. जोडी गेली होती. एकाला काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं, आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला आपाचा राग आला.

पावसाळा सरता सरता ती परत आली. यावेळी डोळे सुजलेले. अब्बा परसात हौदाच्या कट्ट्यावर बसले होते. ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

"वाया गेला, अब्बा. करवंटीइतकाच निघाला. जुनेपणाचा काही संबंध नाही. माझा सिद्धांत खोटा होता, आणि तुमचा भोपळा मी फुकट जाळला."

मला वाटलं अब्बा आता तरी चिडतील. ते शांतपणे म्हणाले, "आतनं कसा हुता?"

"म्हंजे?"

"भुंगा लागलाता का? मला तीस वर्स तीच धास्ती. धूर बाहेरनं लागतोय, आतलं कोण बघणार."

"होती थोडी पूड. एका बाजूला पोखरलं होतं."

"मग काय तर. अखंड ठेवलेला. मोरचूद कुठं लागलंय त्याला."

 आपानं मान वळवून हौदाकडं बघितलं. हौदाच्या आतून पाण्याच्या पातळीला जाड निळी-हिरवी रेघ होती, आमच्या जन्माच्या आधीपासूनची. मीही बघितलं. आणि मग आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो.

तोंड कापलेला प्रत्येक भोपळा आमच्याकडं मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बुडवून ठेवतात. भुंगा लागू नये म्हणून. मिरजेत सगळेच ठेवतात, पणजोबांच्या काळापासून. ते काम पोरांचं असायचं. मी आणि आपानं शाळेतून येऊन हजारो भोपळे बुडवले असतील; निळी बोटं घेऊन परीक्षेला बसल्याबद्दल तिनं मारही खाल्ला होता. पण भोपळा कसा तयार करतात असं कुणी विचारलं तर आम्ही हे सांगणार नाही. भात कसा करायचा हे सांगताना तांदूळ धुवायचं कुणी सांगतं का? वर मी तुम्हाला तंबोऱ्याची अख्खी कहाणी सांगितली, टिचकीपासून जवारीपर्यंत. त्यातही ते राहिलंच बघा. आपानं आपल्या शोधनिबंधात "वाळवलेला कच्चा भोपळा" असं लिहिलं, ते अगदी प्रामाणिकपणे लिहिलं. आमच्या घरात कच्चा भोपळा निळ्या पाण्यातूनच निघालेला असतो.

बंबापाशी पडलेले तुकडे त्या पाण्यातून गेलेले. देशभरातले जुने तंबोरे त्या पाण्यातून गेलेले. शेतातून थेट कंपनीत गेलेले भोपळे कोरडे, आणि अब्बांचा जुळ्यातला भोपळाही कोरडा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही सगळ्या जगाला घालायला लावलेला.

आपा उठली, हौदातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि रडता रडता हसायला लागली. "तांबं आणि गंधक," ती म्हणाली. "मोरचूद म्हंजे दुसरं काय असतंय?" मग तिनं आम्हाला पटापट समजावलं. गंधक कार्बनच्या थरांमध्ये शिरून बसतो आणि थर दूर सारतो. तांब्याचे बारीक कण भाजताना आपल्याभोवती कार्बन गोळा करतात, नंतर आम्लानं धुतले की निघून जातात आणि मागं पोकळी ठेवतात, तोंड मिटलेली. मला निम्मं कळलं. अब्बांना काय कळलं ठाऊक नाही, पण ती मघापासून मान डोलावत बोलत होती आणि ते तिच्याकडं बघत होते. कितीतरी वर्षांनी बघत होते.

ती जाताना एक पोतं ताजे भोपळे आणि मोरचूद घेऊन गेली. मोरचुदात बुडवलेल्या ताज्या भोपळ्याचा निकाल आधीपेक्षाही चांगला आला. मग तिनं करवंट्या बुडवून बघितल्या. त्यासुद्धा जवळपास तितक्याच चालल्या. म्हणजे तंबोरे नकोत, भोपळेही नकोत. गावोगावी पडलेल्या करवंट्या आणि औषधाच्या दुकानातलं मोरचूद, एवढ्यावर काम होत होतं.

तिचा फोन आला तेव्हा आवाज बारीक होता. कंपनीचे मोठे साहेब म्हणाले होते, की हे बाहेर सांगायचं नाही. आपण गुपचूप करवंट्या भिजवू. बाकीच्या कंपन्यांना जुन्या वाद्यांच्या मागं पळू दे, जाळू दे सतारी आणि वीणा, तेवढे ते मागं पडतील. दोन वर्षं गप्प बसायचं. त्याबद्दल तिला सगळ्या विभागाचं प्रमुखपद.

"तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"विचार करते म्हणाले. पण विचार काय करायचाय, बशीर? माझाच निबंध वाचून लोक वाद्यं जाळतायत."

"नोकरी जाईल आपा. घर कंपनीचं आहे. पारितोषिकाचं हसं होईल."

"होऊ दे. अब्बांना सांग."

मी अब्बांना सांगितलं. ते जवारी काढत होते. "तिला म्हणावं, जेवायला आपल्याकडं हाय," एवढं बोलून त्यांनी पुन्हा कानस उचलली.

आपानं सगळं जाहीर केलं. मोरचुदाचं प्रमाण, किती वेळ बुडवायचं, कितीवर भाजायचं, सगळं. आणि पहिल्या ओळीत लिहिलं की माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता. ज्यांनी पेढे खाल्ले होते त्यांतल्या काहींनी तिची भरपूर टिंगल केली. "भोपळ्याच्या बाईंना शेवटी भोपळाच मिळाला," असं एका बातमीचं शीर्षक होतं. भंगारात तंबोऱ्याला कुणी विचारीना. आज खेड्यातल्या शेतपंपापासून शाळेच्या बसपर्यंत सगळीकडं त्या करवंटीच्या बॅटऱ्या आहेत, आणि त्या कुणीही करू शकतं. तिचं नाव त्यावर नाही. मला वाटतं असायला हवं होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी, हिवाळा सुरू होताना, गल्लीच्या तोंडाशी एक ट्रक येऊन थांबला होता. ड्रायव्हरच्या शेजारी आपा बसली होती, मांडीवर कपड्यांची बॅग. कंपनीच्या गोदामात जाळायचे राहिलेले तंबोरे पडून होते. त्यांना ते हलवायचे होते, आणि तिनं शेवटच्या पगाराऐवजी ते मागून घेतले होते.

ड्रायव्हरनं मागचा फाळका पाडला. आत पोत्यांवर, एकमेकांवर रचलेले तंबोरे, दोनशेच्या आसपास. तारा लोंबत होत्या, खुंट्या निखळल्या होत्या, काहींच्या तबल्या आत गेल्या होत्या. माणसं एकेक उतरवायला लागली तशी ज्यांच्या तारा शाबूत होत्या ते घुमायला लागले. सगळे बेसूर, सगळे एकदम. गल्लीतली म्हातारी माणसं दारात आली. शेजारचे कासीमचाचा अंगावर येणाऱ्या कामाकडं बघून म्हणाले, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!" आणि बाह्या सरसावून तेच पहिले पुढं झाले.

अब्बा काठी टेकत आले. एकेका तंबोऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत गेले. "ह्यो आमचा. ह्यो कासीमच्या बापाचा. ह्यो आमचा, पर घोडी दुसऱ्या कुणी बदललीया." मग त्यांनी विचारलं, "जोड्या किती हायत?"

आपानं मान खाली घातली. "एकही नाही अब्बा. वजनावर घालायचे भट्टीत. हाताला येईल तो."

सबंध हिवाळा गल्लीत पुन्हा खरवडण्याचा आवाज होता. निम्मे तंबोरे दुरुस्तीपलीकडं गेले होते, त्यांचे भाग बाकीच्यांना लागले. आपा अब्बांच्या हाताखाली बसायची. शास्त्रज्ञ म्हणून तिचा हात नाजूक असेल असं मला वाटायचं, पण सुरुवातीला तिनं दोन तबल्या फोडल्या आणि अब्बांच्या शिव्या खाल्ल्या. पुढं पुण्या-सांगलीकडचे क्लासवाले विचारायला यायला लागले. डब्याला कंटाळलेली काही पोरं होतीच.

मग एका सकाळी अब्बांनी जुळ्यातला उरलेला भोपळा खाली काढला.  त्यांनी स्वतः तोंड कापलं. आत भुंगा नव्हता. दांडी त्यांनीच निवडली, जवारी त्यांनीच काढली. हात दमला की ते थांबायचे, हात मांडीवर ठेवायचे, पुन्हा कानस घ्यायचे. इतका हळू झालेला तंबोरा आमच्या घरात दुसरा नसेल. तारा चढवल्या तेव्हा त्या खोलीत कुणीतरी पाचवा बसून गातोय असं मला पुन्हा वाटलं, आणि मी पन्नाशीकडं झुकलेला माणूस भोपळ्यात वाकून बघण्यापासून थोडक्यात वाचलो.

"आता ह्याला जोड बघू," अब्बा म्हणाले.

ते नवा तंबोरा मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले. आपा ट्रकातून आलेले तंबोरे एकेक करून आणायची, समोर बसून छेडायची. अब्बा ऐकायचे.

"न्हाई."

ती दुसरा आणायची.

"न्हाई. लई घुमतोय."

दुपार झाली. भाकरी खाऊन परत बसले. भिंतीलगतचे बरेच होऊन गेले होते. मग तिनं एक काळपट तंबोरा आणला. भोपळ्याला चीर गेलेली, आम्हीच पट्टी लावून सांधलेली. कुणाच्या घरचा, कुणी गायलेला, काही ठाऊक नाही. त्याची जोड केव्हाच कुणाच्या तरी मोबाइलात जाऊन बसली असणार. आपानं तारा छेडल्या. अब्बांनी आपल्या मांडीवरचा छेडला. त्यांनी डोळे मिटले. आपाचा हात थांबायला लागला तशी त्यांनी मानेनंच चालू ठेव म्हणून खुणावलं. किती वेळ कुणास ठाऊक, दोघं तसेच बसून राहिले, आणि दोन तंबोऱ्यांच्या मधल्या रिकाम्या सतरंजीवर सूर भरून आला.

"सख्खे न्हाईत," अब्बा शेवटी म्हणाले. "चुलत हायत. चालंल."

आपा तंबोऱ्यावर कपाळ टेकवून रडली. मलाही आवरलं नाही. थोड्या वेळानं काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "म्हंजे झाली म्हणायची, अब्बा. शेवटची जोडी."

अब्बांनी डोळे उघडून माझ्याकडं असं बघितलं की मी लहानपणीचा बशीर झालो.

"कसली शेवटची? भिंतीकडं बघ की जरा. एवढे एकटे हुबं हायत." त्यांनी मांडीवरचा तंबोरा हळूच सतरंजीवर आडवा ठेवला आणि हात पुढं केला. "नसीम, पुढचा आण."

आपानं ओढणीनं डोळे पुसले आणि पुढचा आणायला उठली.